घोडाछापचा दावा

अब्देअली शेठना घोड्याची भीती वाटत असे. व्हिक्टोरियात बसायचं झालं, तर ते घोड्याला लांबून वळसा घालून चढत आणि उतरल्यावर आधी मागच्या मागे दोन पावलं सरकत. तरीही मांडवीपासून भिवंडीपर्यंत आणि तिकडे कच्छपर्यंत त्यांना सगळे घोडेवाला शेठ म्हणूनच ओळखत. ज्या रंगाऱ्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांची तर अशी समजूत होती, की मुंबईत या बोहरी शेठचा मोठा तबेला असणार.

तबेला नव्हता. अब्दुल रहमान स्ट्रीटवर एक अरुंद, लांबलचक दुकान होतं आणि त्यात छतापर्यंत रचलेल्या पत्र्याच्या डब्या होत्या. डबीत जर्मनीहून आलेली किरमिजी रंगाची पूड आणि डबीच्या झाकणावर चिकटवलेला कागद. कागदावर चौखूर उधळलेला निळा घोडा. अक्षर एकही नाही. रंगारी लोकांना अक्षरांशी काय करायचंय? ते दुकानात येत आणि म्हणत, "शेठ, चार घोडे द्या." शेठ चार डब्या देत. पंधरा वर्षं असं सुरळीत चाललं होतं.

एके दिवशी गोदीवरून परत येताना शेठ मांडवीत विसनजी लधांच्या दुकानावरून चालले होते. दुकानाच्या तोंडाशीच डब्यांची मोठी उतरंड रचलेली होती आणि प्रत्येक डबीवर निळा घोडा उधळत होता. शेठना मनातून बरं वाटलं. हा भाटिया व्यापारी आजवर आपल्या मालाला नाकं मुरडत होता. शेवटी आला की नाही वळणावर! चार गोड शब्द बोलावेत म्हणून ते पायरी चढले, सहज एक डबी उचलली आणि उलटी केली. बुडाशी त्यांचं नाव नव्हतं. विसनजींचं होतं.

"या या, अब्देअलीभाई!" गादीवरून विसनजी म्हणाले. "बसा. पान घ्या."

"पान राहू द्या. ही डबी कुणाची?"

"माझी."

"आणि वरचा घोडा?"

"तोही माझाच. डबीबरोबर आला."

"हा माझा घोडा आहे, विसनजीभाई."

"असं होय?" विसनजींनी गंभीर चेहरा केला. "मग हाक मारून बघा. आला तुमच्या मागे, तर खुशाल घेऊन जा. मी लगाम धरणार नाही."

गादीवर बसलेले दोन दलाल खो खो हसले. शेठ लालबुंद झाले.

"पंधरा वर्षं मी हा घोडा बाजारात फिरवतोय!"

"मग दमला असेल बिचारा. माझ्याकडे विश्रांतीला आला म्हणायचा," विसनजी म्हणाले. "अहो भाई, घोडा काय तुम्ही जन्माला घातला? देवानं घातला. देवाच्या मालावर कुणा एकाची मालकी चालते का?"

"ते हायकोर्टात विचारू," शेठ म्हणाले आणि तरातरा पायऱ्या उतरले. खाली रस्त्यावर एक खरा घोडा उभा होता. त्याला त्यांनी रागारागातही नीट वळसा घातला.

कोट भागातले सॉलिसिटर बमनजी यांना असा दावा म्हणजे पतेतीची मेजवानी. त्यांनी दोन्ही डब्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि हात चोळले.

"अरे शेठ, घोडा चोरीला गेला तर पोलीसचौकी आणि घोड्याचं चित्र चोरीला गेलं तर हायकोर्ट! बरोबर ठिकाणी आलात. आता नीट ऐका. सवाल एकच आहे. विसनजीचा घोडा बघून तुमचं गिऱ्हाईक फसतं का? फसतं असं साबित झालं, तर घोडा तुमचा. कुणी बोट लावणार नाही."

"आणि नाही झालं तर?"

"तर घोडा साऱ्या गावाचा. उद्या सकाळी चाळीस दुकानांत चाळीस घोडे उभे राहतील. आणि तुम्ही? चाळीस रंगवाल्यांतले एक."

ते वाक्य शेठच्या जिव्हारी लागलं. रंगाची पूड तर कुणीही जर्मनीहून मागवू शकत होतं. शेठचं म्हणावं असं त्या डबीत काही नव्हतं. जे होतं, ते झाकणावर होतं. तेच गेलं तर पंधरा वर्षं आपण नेमकं काय केलं, याचं उत्तर त्यांना सुचेना. त्यांनी वकीलपत्रावर सही ठोकली.

घरी झैनबबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपली विक्री कमी झाली का?"

"प्रश्न विक्रीचा नाही."

"मग कशाचा?"

"इज्जतीचा."

"मग झालं," झैनबबाई म्हणाल्या. "विक्रीचा असता, तर कधी ना कधी मिटला असता."

सुनावणीच्या दिवशी शेठनी ठेवणीतला अंगरखा घातला आणि जरीची पगडी चढवली. कोर्टाचं ते उंच दालन, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, काळ्या झग्यातले गोरे बॅरिस्टर आणि वर न्यायासनावर जस्टिस पेनफोल्ड. हे साहेब फार कमी बोलत आणि बोलण्याआधी चष्मा पुसत. शेठनी कुराणावर हात ठेवून शपथ घेतली. त्यांच्या बॅरिस्टरनं सोपे सोपे प्रश्न विचारले, दुभाष्यानं ते गुजरातीत सांगितले आणि शेठनी छाती पुढे काढून उत्तरं दिली. सगळं तुपासारखं वाहत होतं.

मग विसनजींचे बॅरिस्टर क्रॉली उठले. लांब, सडपातळ आणि बोलायला अगदी मऊ.

"शेठ, हा घोडा तुम्ही चांगला ओळखता?"

"पंधरा वर्षं रोज बघतोय."

"नीट बघता?"

"साहेब, माझ्या मुलांपेक्षा जास्त बघितलाय."

"उत्तम. मग कोर्टाला सांगा, त्याला पाय किती आहेत?"

शेठना वाटलं, हा काय प्रश्न झाला? ते दुभाष्याकडे वळून हसत म्हणाले, "साहेबांना सांग, आमच्या मुलखात घोड्याला चार पाय असतात. विलायतेत किती असतात, मला ठाऊक नाही."

दुभाष्यानं सांगितलं. कोर्ट हसलं. जस्टिस पेनफोल्डच्या मिशीचं टोकही हललं. क्रॉली मात्र हसले नाहीत. त्यांनी शेठची डबी अदबीनं पुढे केली.

"मोजा."

शेठनी बोट लावलं. पुढचे दोन, गुडघ्यात मुडपलेले. मागचे दोन, ताणलेले. आणि पोटाखाली, गवताच्या झुबक्यामागे, आणखी एक. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि शेपटीकडून मोजायला सुरुवात केली. तिकडूनही पाचच भरले. दुभाष्यानं मान लांब करून स्वतः मोजलं आणि "बाप रे!" म्हणाला. त्याचं मात्र त्यानं इंग्रजी केलं नाही.

"कोर्ट तुमच्या उत्तराची वाट बघतंय, शेठ."

"पाच," शेठ अगदी बारीक आवाजात म्हणाले.

आता जे हसू फुटलं, ते पहिल्यापेक्षा दुप्पट होतं आणि ते शेठबरोबरचं नव्हतं, शेठवरचं होतं.

"माझ्या अशिलाचा घोडा," क्रॉलींनी दुसरी डबी उंच धरली, "चार पायांचा आहे. वादींचा पाच पायांचा. एक घोडा आहे, दुसरा काय आहे ते वादींनाच ठाऊक. मायलॉर्ड, ज्याला चार आणि पाच यांतला फरक कळत नाही असा एक तरी खरेदीदार मुंबईच्या बाजारात असेल, तर तो मला दाखवावा."

जस्टिस पेनफोल्डनी चष्मा पुसला, दोन्ही घोडे आळीपाळीनं डोळ्यांजवळ धरले आणि पुढची तारीख मे महिन्याच्या सुट्टीनंतरची दिली.

घरी जाताना शेठना सगळं आठवलं. पंधरा वर्षांपूर्वी जर्मनीहून चित्राचा नमुना आला होता, तेव्हा त्यात दोन घोडे जोडीनं धावत होते. शेठनीच कळवलं होतं, की एवढ्याशा डबीला दोन घोडे कशाला? एक काढा, छपाई स्वस्त पडेल. तिकडच्या माणसानं हुकमाप्रमाणे एक घोडा काढला. त्याचा एक पाय तेवढा गवतात राहून गेला.

संध्याकाळी थाळाभोवती सगळे बसले. चिमूटभर मीठ जिभेला लावून जेवायला सुरुवात झाली आणि शेठनी दिवसाची हकिकत सांगितली. पाच आकडा आला तसा झैनबबाईंनी तोंडाला पदर लावला. पण हसू पदरात मावेना. मग मुली हसल्या, मग शेठची म्हातारी आत्या हसली. तिला ऐकू येत नव्हतं, तरी ती सगळ्यांत जास्त हसली.

"हसा," शेठ म्हणाले. "मी उद्याच तो पाय कापून टाकतो."

झैनबबाईंचं हसू थांबलं. "काय करता?"

"चित्र सुधारून घेतो. चार पायांचा नीट घोडा. मग तो क्रॉली कुठला फरक दाखवतो, बघू."

"अहो, पंधरा वर्षं त्यानं पाच पायांवर आपलं घर ओढलं. कधी लंगडला का?"

"साऱ्या कोर्टानं दात काढले, झैनब!"

"काढू देत. दात त्यांचे. आपण आपला घोडा सांभाळावा. निदान बमनजींना तरी विचारा."

पण बमनजी सुट्टीसाठी नवसारीला गेले होते आणि शेठना थांबवेना. गिरगावातल्या एका छापखान्यात छपाईच्या नव्या शिळेवर चित्र काढून घेतलं. नवा घोडा खरोखर देखणा होता. चार पाय, स्वच्छ गवत, कुठे भानगड नाही. गठ्ठेच्या गठ्ठे छापून आले. दुकानातल्या होत्या नव्हत्या त्या डब्यांवरचे जुने कागद पाण्यानं भिजवून खरवडले आणि नवे चिकटवले. मुनीमजी दोन दिवस खळीनं माखले होते. सगळं झाल्यावर शेठ गादीवर टेकून त्या निर्दोष घोड्यांकडे बघत बसले. त्यांना फार दिवसांनी गाढ समाधान वाटलं.

ते समाधान रहेमतबाई येईपर्यंत टिकलं.

रहेमतबाई खत्रीण पायधुणीजवळच्या गल्लीत रंगाचं काम करी. तिचे हात कोपरापर्यंत कायमचे किरमिजी असत आणि जीभ त्याहून तिखट. तिनं दोन डब्या मागितल्या, एक हातात घेतली, झाकणावर अंगठ्यानं टकटक टकटक केलं आणि डबी परत ठेवली.

"शेठ, मला आपली द्या. ही नको."

"ही आपलीच आहे, बाई."

"थट्टा नका करू. घरी चूल पेटलीय. हा त्या मांडवीवाल्याचा माल तुम्ही कधीपासून ठेवायला लागलात?"

"कुठल्या मांडवीवाल्याचा? अहो, माझा घोडा आहे हा!"

"मग पाय कुठाय?"

शेठनी डबी स्वतःकडे ओढली. "कुठला पाय?"

"पाचवा! दुसरा कुठला?" रहेमतबाई म्हणाली. "आमच्यात मुलगी सासरी निघाली, की आई तीन गोष्टी कानात सांगते. सासूला उलटून बोलू नको, उकळत्या पाण्यात पूड टाकू नको आणि पाय मोजल्याशिवाय घोडा घेऊ नको. पाच असले तर शेठचा, चार असले तर चोराचा."

"तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"साऱ्या रंगाऱ्यांना ठाऊक आहे."

"मग एवढ्या वर्षांत मला कुणी बोललं कसं नाही?"

रहेमतबाईनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं कुणी भर उन्हात दिवा शोधणाऱ्याकडे बघावं. "चोर पकडायची खूण भर चौकात ओरडून सांगतात होय? आम्हाला वाटलं, तुम्हीच मुद्दाम घातलाय. आम्ही म्हणायचो, काय डोकं आहे शेठला!"

कोपऱ्यातून मुनीमजी घाईघाईनं म्हणाले, "मुद्दामच! मुद्दामच घातला होता शेठनी!"

"मग काढला कशाला?"

मुनीमजींनी पुन्हा वहीत डोकं घातलं.

"बाई, रंग तोच आहे," शेठ अजिजीनं म्हणाले. "डबी तीच, पूड तीच. मी जातीनं सांगतोय. माझ्या शब्दावर तरी घेऊन जा."

"शेठ, माझ्या कढईशेजारी मेमणांच्या नवरीची ओढणी पडलीय. रंग फसला तर नवरीची आई मला त्याच कढईत घालील. तुमचा शब्द मोठा आहे, पण शब्दाला पाय मोजता येत नाहीत." आणि ती निघून गेली.

पाठोपाठ भिवंडीहून पेटारे परत आले. मग जेतपूरहून, मग थेट कच्छहून. प्रत्येकाबरोबर निरोप एकच, की तुमच्या नावानं कुणीतरी बनावट माल पाठवतोय, सावध राहा. शेठनी आपल्याच दुकानात बसून आपल्याच मालाला बनावट म्हणवून घेतलं. जुने कागद तर खरवडून नाल्यात गेलेले, आणि जुनी शिळा जर्मनीत. गिरगावात पुन्हा छापायला हाती पैसा नव्हता, आणि जर्मनीहून उधारीवर नवे कागद यायला पावसाळा संपला असता. तोवर रंगाऱ्यांच्या बायका दुसरा कुठला तरी घोडा नाहीतर हत्ती मोजायला शिकल्या असत्या.

आणि तो दुसरा घोडा मिळायला फार लांब जावं लागणार नव्हतं. कोर्टातलं हसू त्याच संध्याकाळी बाजारात पोचलं होतं. तेव्हापासून मांडवीत येणारा जो तो विसनजींची डबी उचलून आधी पाय मोजी, चार भरले की मान हलवून खाली ठेवी. विसनजी तसे हुशार व्यापारी. त्यांनी मुकाट्यानं छापखाना गाठला आणि आपल्या घोड्याला एक पाय वाढवून घेतला. तोही हातचं राखून नाही. चांगला दणकट, गवताबाहेर स्पष्ट दिसणारा आणि खाली चकचकीत नाल ठोकलेला.

म्हणजे बघा, मे महिना संपता संपता अशी गंमत झाली, की अब्देअली शेठकडे विसनजींचा घोडा होता आणि विसनजींकडे अब्देअली शेठचा. फरक एवढाच, की विसनजींचा धावत होता.

"तुम्हाला सांगितलं होतं," असं झैनबबाई एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यामुळे शेठना आणखीच वाईट वाटे. पेटारे ठेवायला दुकानात जागा उरली नाही, तेव्हा ते घरी आले आणि रोज येता-जाता शेठ त्यांना ठेचकाळत.

एका सकाळी रहेमतबाई पुन्हा दुकानात शिरली. या वेळी तिच्या हातात एक ओढणी होती आणि डोळ्यांत आग. ओढणी नवरीची म्हणून लाल असायला हवी होती. ती कुठे जांभळी, कुठे वांगी सडल्यासारखी झाली होती.

"हे बघा तुमच्या घोड्यानं काय केलं! पाच पाय मोजून घेतली होती मी डबी! दोनदा मोजली!"

"कुठून घेतली?"

"मांडवीतून. तिथे म्हणाले, शेठचाच माल आहे, शेठकडे जागा नाही म्हणून आमच्याकडे ठेवलाय."

शेठ उठून उभे राहिले. त्यांनी ती बिघडलेली ओढणी दोन्ही हातांत घेतली आणि तिच्याकडे अशा प्रेमानं बघितलं, की रहेमतबाई दोन पावलं मागे सरकली.

"रहेमतबाई, तुम्ही फसलात!"

"ते मलाही कळतंय! नवरीची आई दारात बसलीय!"

"अल्लाची मेहेरबानी! बाई, तुम्ही फसलात! मुनीमजी, बाईंना सरबत आणा! बमनजी नवसारीहून आले का बघा!"

बमनजी आले होते. आधी त्यांनी चार पायांच्या घोड्याची हकिकत ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे शेठ, दावा चालू असताना वादीनं आपलाच घोडा लंगडा केला! मी परमेश्वराला काय तोंड दाखवू?" मग त्यांनी ओढणी बघितली, रहेमतबाईचं बोलणं ऐकलं, मांडवीतून एक डबी मागवली, नाल ठोकलेला पाय बघितला आणि कपाळावरचा हात हळूहळू खाली आणला. "दाखवीन," ते म्हणाले. "चांगलं वर करून दाखवीन."

दुसऱ्या सुनावणीला बॅरिस्टर क्रॉली प्रसन्न चेहऱ्यानं उभे राहिले. अशिलानं सुट्टीत काय उद्योग केलाय, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात रहेमतबाई होती. लाल कोपर कठड्यावर टेकून ती न्यायमूर्तींच्या पांढऱ्या केसांच्या टोपाकडे, हा कशानं धुत असतील, अशा नजरेनं बघत होती.

"बाई," क्रॉली म्हणाले, "चार पाय आणि पाच पाय यांतला फरक तुम्हाला कळतो ना?"

"साहेबांना विचार, त्यांना कळतो का," रहेमतबाई दुभाष्याला म्हणाली. "कळत असेल तर त्यांनी ही मोजावी." आणि तिनं ओढणीतून डबी काढून पुढे केली. "त्या तिथे बसलेल्या भाईंच्या दुकानातली आहे."

क्रॉलींनी डबी घेतली. त्यांचं लांब बोट झाकणावर फिरलं. एक, दोन, तीन, चार. मग बोट थांबलं. त्यांनी मागे वळून विसनजींकडे बघितलं. विसनजी वर पंख्याकडे बघत होते, जणू पंखा आजच बसवलाय.

पण क्रॉली नावाजलेले बॅरिस्टर होते. एक खोल श्वास घेऊन ते म्हणाले, "मायलॉर्ड, माझ्या अशिलाच्या डबीवर आता पाच पाय आहेत, हे खरं. पण वादींच्या डबीवर आता चार आहेत. म्हणजे फरक जसाच्या तसा आहे!"

कोर्टात अशी काही हशाची लाट उठली, की पंखा ओढणाऱ्यानं दोरी सोडून दिली. शेठनी मान खाली घातली. बमनजींनी रुमालात तोंड लपवलं. कारण बॅरिस्टरचं म्हणणं मोजणीला अगदी बरोबर होतं.

जस्टिस पेनफोल्डनी चष्मा पुसला. नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि दुभाष्या हळू आवाजात शेठच्या कानाशी सांगत गेला.

"मी घोडे पाळले आहेत," साहेब म्हणाले. "चार पायांचा घोडा काढायला कुणाची नक्कल करावी लागत नाही. तबेल्यात जाऊन उभं राहिलं की पुरे. म्हणून चार पायांच्या घोड्यावर कुणा एकाचा हक्क मी मानत नाही. वादींनी स्वतः चार पायांचा घोडा विकायला काढला, तेव्हा त्यांच्याच गिऱ्हाइकांनी तो परक्याचा समजून परत केला. तो बघून कुणी फसत नाही, याहून चांगला पुरावा वादींच्या विरुद्ध कोण देणार होतं? तो त्यांनी स्वतःच दिला."

शेठनी बमनजींची बाही धरली.

"पण पाचवा पाय," साहेब पुढे म्हणाले, "निसर्गात सापडत नाही. तो एकाच ठिकाणी सापडतो आणि ते म्हणजे वादींची डबी. तिथे तो कसा आला, चुकीनं की हुशारीनं, याच्याशी मला कर्तव्य नाही. प्रतिवादींनी तो उचलला, वर नालही मारली आणि ही बाई दोनदा मोजूनही फसली. यापुढे पाच पायांचा घोडा वादींखेरीज कुणी छापू नये. चार पायांचा ज्याला हवा त्यानं छापावा. खर्च ज्याचा त्यानं सोसावा."

शेठनी दुभाष्याला शेवटचं पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. मग ते बमनजींच्या गळ्यातच पडले. महाराणीच्या राज्यात पाच पायांचा घोडा बाळगण्याचा हक्क असलेले ते आता एकमेव गृहस्थ होते.

आनंद जिना उतरेपर्यंत पुरला. खाली ओवल मैदानाच्या बाजूच्या व्हरांड्यात पोचताच त्यांना आठवलं, की हक्क आहे, पण घोडा नाही. घरीदारी सगळे चारपायी. जर्मनीहून नवे कागद यायचे ते दिवाळीला. तोवर हक्क काय झाकणावर चिकटवायचा?

खांबाच्या आडून कुणीतरी खाकरलं. विसनजी होते. बरोबर ना बॅरिस्टर, ना दलाल.

"मुबारक, अब्देअलीभाई."

"तुम्हालाही," शेठ कोरडेपणानं म्हणाले. "चार पाय तुम्हाला मिळाले."

"मिळाले खरे. पण माझ्याकडे एकही शिल्लक नाही. सगळी पाचांचीच छपाई पडलीय. आता ती चिकटवली, की तुरुंगच." विसनजींनी सुस्कारा सोडला. मग अगदी सहज विचारावं तसं म्हणाले, "तुमच्याकडे कागद किती पडलेत? चारांचे?"

शेठनी त्यांच्याकडे बघितलं. विसनजींनी शेठकडे बघितलं. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. बमनजी वर क्रॉलींशी हात मिळवत होते आणि ते दोघंही लवकर खाली येण्याच्या घाईत नव्हते.

"तुमच्या पाचव्या पायाला नाल आहे," शेठ म्हणाले. "माझ्याला नव्हती."

"अहो, फुकटात नाल ठोकून मिळतेय, तीही नको?"

"रहेमतबाई बोलेल."

"सांगा, शेठनी घोड्याची काळजी घेतली. खूश होईल." विसनजी जवळ सरकले. "गठ्ठ्याला गठ्ठा. ना देणं, ना घेणं. आणि हे बघा, हे वरच्या मंडळींना सांगायचं कारण नाही. एक वर्ष ज्याच्यावर बोलले ते आपण पायरीवर मिटवलं असं कळलं, तर त्यांच्या जिवाला लागेल."

दुपारी अब्दुल रहमान स्ट्रीटवर एक हातगाडी येऊन थांबली. गाडीवर पाच पायांचे गठ्ठे होते. दुकानातून चार पायांचे गठ्ठे बाहेर आले. दोघा शेठजींनी एकमेकांना पान दिलं, एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि आता बाजारात कसा भाऊपणा हवा, यावर दोघांचंही एकमत झालं.

मग विसनजींनी चारांचा एक गठ्ठा सोडला आणि मांडीवर घेतला. शेठनी पाचांचा सोडला. आणि दोघंही एकमेकांसमोर बसून, मान वर न करता, पाय मोजू लागले.